साखऱ्यावर ढगातून उतरताना

भुताखेताच्या गोष्टी मी आजवर फक्त चेष्टा करायला ऐकल्या. पायलट आहे मी... यंत्रावर दिसेल ते खरं, बाकी गप्पा. आजही माझं मत तेच आहे. तरी हे लिहितेय, कारण विमानात आम्ही दोघं होतो आणि दोघांनीही ते पाहिलं.

मी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची. घरी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मेंढ्या आहेत, आणि मी नांदेडला छोटी विमानं शिकवते. ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही, समोरच्या यंत्रांवर उडावं लागतं. ती बंद पडली तर असावा म्हणून मी मुठीत मावेल एवढा जीपीएस जवळ ठेवते. एरवी तो विमानाच्या सॉकेटवर चालतो, तिथली वीज गेली तर आतल्या पेन्सिल सेलवर. माझे सीनियर खान सर त्याला खिलौना म्हणायचे. नियमाने त्याच्या भरवशावर उडता येत नाहीच, पण जवळ असला तर बिघडतं कुठे?

त्या दुपारी सर शेजारी बसून माझी चेक फ्लाइट, म्हणजे उडण्याची परीक्षा, घेत होते. अकोल्याहून नांदेडला परत येत होतो, खालपासून वरपर्यंत भाद्रपदातले गच्च ढग. हिंगोलीच्या अलीकडे विमानाची वीज गेली. रेडिओ, नकाशा, सगळं काळं! उंची किती आणि विमान सरळ आहे की कलंडलंय एवढं सांगणारी, हवेवर चालणारी यंत्रं तेवढी सुरू राहिली. आपण नेमके कुठे आहोत ते कळेना. पुढे औंढ्याकडे डोंगर... भलत्या जागी खाली आलो असतो तर आटोपलंच होतं. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

"तेरा खिलौना?" सरांनी विचारलं.

"चालू है, सर."

स्क्रीन लख्ख होती. आमच्या शेताची जागा मी त्यात कधीच साठवून ठेवली होती. आजूबाजूचं सगळं रान सपाट, आणि माझ्या पायाखालचं.

"सर, साखऱ्यावर ढगाखाली उतरते."

"भरोसा है?"

"पूरा."

आणि खरंच होता. स्क्रीनवरच्या बाणाच्या मागे गेले, शेताच्या डोक्यावर घिरट्या घालत हळूहळू खाली आले. सर मोठ्याने उंची वाचत होते. एकदम ढग फाटला... खाली सोयाबीन, तुरीच्या ओळी, आमची विहीर, बांधाला आबांच्या मेंढ्या! मी हसलेच. मग हिंगोलीहून रेल्वेचा रूळ धरून नांदेड गाठलं. टॉवरने हिरवा दिवा दाखवला आणि उतरलो.

विमान उभं केल्यावर जीपीएस विझला. सेल संपले असतील म्हणून मी मागचं झाकण उघडलं.

आत सेल नव्हतेच.

सरांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा करून हलवला. "चालू था. मैंने देखा है," एवढंच म्हणाले. मेकॅनिकने सॉकेट तपासलं, त्यात वीज नव्हती. नंतर आम्ही कितीदा तरी करून पाहिलं — वायर काढली, सेल काढले की तो क्षणात बंद पडतो. उत्तर असणार, माझी खात्री आहे. मला मात्र अजून ते मिळालेलं नाही, आणि सर हल्ली त्याला खिलौना म्हणत नाहीत.

माझी चूक मला झाकण उघडलं तेव्हाच कळली होती. सकाळी सॉकेटवर लावून तो सुरू झाला, तेवढं पाहून मी खूश; झाकण उघडलंच नाही. आदल्या दिवशीच जीपीएस घेऊन गावाहून आले होते, म्हणून विमानाजवळूनच आबांना फोन लावला.

"व्हय, म्याच काढले सेल," आबा म्हणाले. "खतासाठी मेंढ्या शिंद्याच्या रानात बसवल्या व्हत्या, आन् टॉर्च पडला बंद. लांडगा फिरून राहिला तिकडं. तू निजली व्हती, म्हून उठवलं न्हाई." मग आवाज उतरला. "काहून इचारून राहिली? तुला लागले का ते? काही तकलीफ झाली का, लेकरा?"

सर समोरच उभे होते.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "लागलेच न्हाईत."