आधी सामान काढा

"पहले सामान निकालिए," असं म्हणून आमच्या दुकानातल्या बाई गिऱ्हाइकाच्या खांद्यावरची जुनी पर्स उतरवून घ्यायच्या आणि काउंटरवरच्या मखमली ट्रेमध्ये खुशाल उपडी करायच्या. त्या ट्रेमध्ये एरवी आम्ही लाखालाखाच्या बॅगा ठेवून दाखवतो. बाईंच्या कृपेने त्यात किल्ल्या, लिपस्टिक, चुरगळलेली बिलं, डोकेदुखीच्या गोळ्या, कधी लहान मुलाचा एकच मोजा असं काय वाटेल ते येऊन पडायचं. गिऱ्हाईक लाजेने लाल आणि मागे उभा असलेला मी रागाने लाल. बाई मात्र पांढरे हातमोजे घातलेल्या बोटांनी एकेक वस्तू उचलून नव्या बॅगेत रचायच्या, चेन लावायच्या आणि म्हणायच्या, "अब ज़रा दरवाज़े तक चलकर आइए."

चेन लागली नाही, किंवा चालताना ती गिऱ्हाईक बाई एका बाजूला कलली, की सौदा मोडला म्हणून समजा. बाई बॅग परत घ्यायच्या. "रहने दीजिए. आपका सामान इसमें नहीं समाता." हे त्या इतक्या मायेने सांगायच्या की समोरची बाई आभार मानून निघून जायची. न घेता.

तुम्ही अशा एखाद्या दुकानात गेला असाल, तर तिथे कसं बोलतात ते तुम्हाला माहीत असेल. वस्तूची किंमत सांगत नाहीत, ती हळूच एका चिठ्ठीवर दाखवतात. गिऱ्हाइकाला पाणी विचारतात, तेही काचेच्या उंच ग्लासातून. आणि काही झालं तरी, अगदी काही झालं तरी, "नका घेऊ" असं म्हणत नाहीत. एवढं एकच पथ्य पाळायचं होतं, आणि बाईंना तेवढंच जमत नव्हतं.

मी मूळचा सांगलीकडचा. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा द्यायला दिल्लीत आलो, मुनिरक्यात एका खोलीत राहिलो आणि परीक्षेने माझा नाद सोडल्यावर जवळच्या मॉलमधल्या या परदेशी कंपनीच्या चामड्याच्या बॅगांच्या दुकानात लागलो. पुढे मॅनेजर झालो. बाई माझ्या कितीतरी आधीपासूनच्या. कंपनीचं दुकान जेव्हा एका पंचतारांकित हॉटेलच्या तळमजल्यावर एका खोलीत होतं, तेव्हापासूनच्या. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाव सातारा जिल्ह्यात, पण बिऱ्हाड पालमला, कँटोन्मेंटच्या अंगाला. दुकानात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्या मला सगळ्यांदेखत 'सर' म्हणायच्या आणि त्याच वाक्यात 'तू' म्हणायच्या. "सर, तू जरा बाजूला उभा राहा ना, मॅडमना आरसा दिसत नाहीये." मी बाजूला उभा राहायचो.

हॉटेलातल्या काळात म्हणे गिऱ्हाइकं वेगळी होती. वकिलातींमधल्या बायका, दिल्लीतली जुनी घराणी. त्या एक बॅग घ्यायच्या आणि ती जन्मभर वापरायच्या, म्हणून सामान मावतंय का ते बघून द्यायची पद्धत पडली. ठीक आहे. पण नंतर जग बदललं, हे बाईंच्या गावीही नव्हतं. आता आमच्याकडे कर्नालहून, लुधियान्याहून गाड्या भरून लोक येतात. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदारांच्या सुना येतात. पहिल्या नोकरीतली मुलं हप्त्यावर पाकीट घेतात. सगळ्यांना दुबईचा भाव पाठ असतो आणि पॅरिसमध्ये काय आलंय ते आमच्याआधी कळलेलं असतं. या सगळ्या भानगडीत एक गंमत अशी झाली, की वर्षागणिक कंपनीची दुकानं मोठी होत गेली आणि बॅगा लहान. शेवटी शेवटी तर तळहातावर बसेल एवढी बॅग आली, आणि तीच सगळ्यात जास्त मागितली जायला लागली.

मानेसरची एक मुलगी लग्नाच्या खरेदीला आली होती. तिने तळहाताएवढी बॅग मागितली. बाईंनी तिची पर्स उपडी केली. फोन आत जाईना. गॉगल जाईना. किल्ल्यांचा जुडगाही जाईना. बाईंनी बॅग उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "बेटा, इसमें तो सिर्फ़ इलायची आएगी." मुलगी पोट धरून हसली, आईला घेऊन समोरच्या दुकानात गेली आणि तिथून तितकीच लहान बॅग विकत घेऊन आमच्या काचेसमोरून गेली.

त्या दिवशी मी बाईंना मागच्या खोलीत बसवून शिकवणी घेतली. लोक आता सामान ठेवायला बॅग घेत नाहीत, हे समजावलं. मग सामान कुठे ठेवतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दुसऱ्या बॅगेत. ती कोण धरतं? मी म्हणालो, ड्रायव्हर. बाई म्हणाल्या, "अच्छा. मग ड्रायव्हरला दाखवायला पाहिजे."

मला वाटलं चेष्टा करतायत. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक लहान बॅग बघत असताना बाई बाहेर गेल्या, पार्किंगच्या लिफ्टपाशी ताटकळलेल्या त्या गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हरला हाताला धरून आत घेऊन आल्या आणि आमची सगळ्यात मोठी प्रवासी बॅग त्याच्या खांद्याला अडकवून त्याला दारापर्यंत चालवलं. बिचारा घामाघूम झाला. माझा वैताग असा, की मॅडमनी दोन्ही बॅगा घेतल्या. आता बाईंना रागवायचं तरी कसं?

पिशव्यांचं प्रकरण तर मी आठवायलाच नको. आमच्या बॅगा ज्या कागदी पिशवीत घालून देतो, त्या गडद हिरव्या, जाड, रेशमी नाडीच्या. कुठे दुमडलेल्या, डाग पडलेल्या असल्या तर फाडून टाकायचा नियम आहे, कारण नकली माल विकणारे अशा पिशव्यांच्या शोधात असतात. बाई त्या फाडायचं काम आपणहून मागून घ्यायच्या. मी खूश. संक्रांतीला पालमच्या घरी त्यांचं हळदीकुंकू असायचं, कँटोन्मेंटातल्या सगळ्या मराठी फौजींच्या बायका यायच्या, आणि एका वर्षी बाईंनी वाण म्हणून प्रत्येकीला तिळगुळाबरोबर एकेक हिरवी पिशवी लुटली. हे मला कळलं कसं? कंपनीचे मोठे साहेब परदेशातून आले, विमानतळावरून हॉटेलला जाताना धौला कुआंच्या बस स्टॉपवर त्यांना आमची पिशवी दिसली. तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. थोडं पुढे आणखी एक. तिच्यात दुधी.

साहेब भारावले. दुकानात आल्या आल्या त्यांनी मला मिठी मारली. आपला ब्रँड सामान्य माणसापर्यंत पोचला, असं काय काय बोलले आणि त्या भागात गिऱ्हाईक किती वाढू शकेल याचा अभ्यास करायला मला सांगून गेले. बाई शेजारी हातमोजे घालून, खाली मान घालून उभ्या. साहेब गेल्यावर मी विचारलं, हे तुमचं काम ना? "फाडायला जीव होत नाही रे सर," त्या म्हणाल्या. "इतका चांगला कागद." तो अभ्यास मला खरोखर लिहावा लागला.

मग गुरगावचं ठरलं. आमचं दुकान बंद करून तिकडे तिपटीने मोठं दुकान काढायचं, संगमरवरी, दोन मजली. बाईंनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय राहिला नाही. जिना कुठून असणार, आरसे केवढे असणार, चालून दाखवायला जागा किती. सुभेदारसाहेबांचं गावी परतायचं टुमणं चाललं होतं, पण बाईंनी त्यांना थोपवून धरलं. "मी एका खोलीपासून उभी आहे, सर. त्या मोठ्या दुकानात मला एकदा उभं राहायचंय. मग बिल्कुल जाते." मी म्हणालो, तुम्ही येणारच, तुमच्याशिवाय मला वैताग कोण देणार? तिथले हातमोजे करड्या रंगाचे असणार आहेत, हेही मीच सांगून बसलो.

आणि एकच विनंती केली. दुकान हलेपर्यंत कुणाचीही पर्स उपडी करू नका. कारण अशा बदलाच्या आधी कंपनी वेष पालटून आपलीच माणसं गिऱ्हाईक म्हणून पाठवते, आणि त्यांच्या अहवालावर कोण राहणार ते ठरतं. बाईंनी कबूल केलं. देवाशपथ म्हणाल्या.

त्या कबुलीला महिनाही झाला नाही. एके दुपारी मी बँकेतून परतलो तर काउंटरवर ट्रे, ट्रेसमोर एक चापूनचोपून नेसलेली बाई, आणि ट्रेमध्ये फक्त एक फोन आणि एक पेन. ही कंपनीनेच पाठवलेली, मी ओळखलं. खऱ्या बाईच्या पर्समध्ये एवढंच कधी असतं का? बाईंनाही ते कळायला हवं होतं. पण त्या आपल्या तिच्याकडे कौतुकाने बघत म्हणत होत्या, "आपके पास तो कुछ है ही नहीं. आपको बैग किसलिए चाहिए?"

अहवालात हे वाक्य जसंच्या तसं आलं, खाली लाल रेघ मारून. शपथेचं काय झालं, असं मी बाईंना विचारलं. "ती बिचारी तीन बॅगांत गोंधळली होती. म्हटलं मदत करावी," त्या म्हणाल्या. मी डोकं धरून बसलो. राग आला, अतिशय आला, आणि त्या रागातच मी वर पत्रांवर पत्रं लिहिली. बाईंची गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या परत येतात हे लिहिलं. ज्यांना 'नका घेऊ' म्हटलं त्यासुद्धा परत येतात, हेही लिहिलं, आणि ते खरं होतं. उत्तर गोड भाषेत आलं. बाईंना गुरगावला नेता येणार नाही. निरोपाची भेट म्हणून कंपनीची एक बॅग द्यावी.

मी जुनी मोठी बॅग मागितली, हॉटेलच्या काळातली, रुंद पट्ट्याची. ती बनणं कधीच बंद झालं होतं. आली ती या वर्षीची, लहानातली जरा मोठी, इतकंच.

दुकानाच्या शेवटच्या दुपारी आम्ही सगळे काउंटरभोवती जमलो. मी दोन शब्द बोललो आणि बॅग पुढे केली. बाईंनी हातमोजे चढवले. खांद्यावरची सरोजिनी नगरातून घेतलेली रेक्झिनची पर्स उतरवली आणि ट्रेमध्ये उपडी केली.

स्टीलचा डबा. छत्री. चष्मा. मेट्रोचं कार्ड, कँटीनचं कार्ड. सुभेदारसाहेबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. घडी केलेली कापडी पिशवी. आणि प्लॅस्टिकमध्ये बंद असलेला, करड्या हातमोज्यांचा कोरा जोड.

बाईंनी आधी हातमोजे आत ठेवले, मग चष्मा, गोळ्या, कार्डं. डबा अर्धा बाहेर राहिला. त्यांनी तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, अगदी मन लावून, जशा गिऱ्हाइकासाठी करायच्या तशा. मी म्हणालो, बाई, डबा आणि छत्री राहू द्या, चेन लागेल. घ्या हो. माझ्यासाठी घ्या.

त्यांनी सगळं पुन्हा काढून जुन्या पर्समध्ये भरलं. मग बॅग माझ्या हातात दिली. माझ्याशी त्या पहिल्यांदाच हिंदीत बोलल्या.

"रहने दीजिए, सर. मेरा सामान इसमें नहीं समाता."

आणि दारापर्यंत चालत गेल्या. त्या दिवशी मला इतका संताप आला होता त्यांचा, की मी सोडायलाही गेलो नाही. संताप होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. बॅग आवरताना पाहिलं, तर करडे हातमोजे तिच्या तळाशी तसेच होते. विसरल्या की ठेवले, कोण जाणे. त्याच महिन्यात दोघं गावी गेली.

गुरगावचं दुकान देखणं आहे. चालून दाखवायला ऐसपैस जागा आहे, पण कुणी चालत नाही. परवा एक वयस्क बाई लेकीबरोबर आल्या, लेकीसाठी बॅग निवडली, आणि मी काही सांगायच्या आत त्यांनी तिची पर्स घेऊन माझ्या संगमरवरी काउंटरवर उपडी केली. किल्ल्या खणखणल्या. नव्या स्टाफने माझ्याकडे पाहिलं. "वो आंटी नहीं हैं?" त्या वयस्क बाईंनी विचारलं. गावी गेल्या, असं मी सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या, सामानाकडे बघत.

मी आत जाऊन कपाटात ठेवलेली, बाईंनी परत दिलेली ती बॅग उघडली आणि हातमोज्यांचं प्लॅस्टिक फाडलं. ते मला होत नाहीत, अर्ध्या पंजावरच अडकतात. तसेच अडकवले आणि काउंटरवर येऊन एकेक वस्तू लेकीसाठी निवडलेल्या बॅगेत रचायला लागलो. सगळं रचून झालं. चेन लागेना. महिना संपत आला होता, टार्गेट अर्ध्यावर होतं, आणि माझी सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"रहने दीजिए," मी म्हणालो.