मी लिहिलेलं त्याचं शेवटचं पत्र

पाहुणी आयर्लंडहून येणार होती. माझा मुलगा गाडी घेऊन तिला आणायला हॉलंडमधल्या आमच्या ब्रेडा स्टेशनवर गेला. वडिलांच्या जुन्या रूममेटची भाची मामाची माहिती विचारायला येते आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाकीचं मी पन्नास वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

रॉटरडॅमच्या गोदीत मी ड्राफ्ट्समन होतो आणि तो वेल्डर. आम्ही एका खोलीत राहायचो. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे तो पलंगावर पडून सांगायचा आणि घरची पत्रं मी लिहायचो. "लिही साहेबा. आईला वाटू दे, पोरगा सुधारला."

न्यूमोनियाने तो चार दिवसांत, त्या खोलीतच गेला. घरी कोण कळवणार, असं कंत्राटदाराने विचारलं. मी कळवतो म्हणालो. त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीचं पत्र आलं. आईचं ऑपरेशन आहे, दोन ओळी तरी पाठव.

आमच्याकडे आजारी माणसाला अशी बातमी सांगत नाहीत. माझा मामा गेला तेव्हा आजीला दोन महिने कळू दिलं नव्हतं आणि घरात कुणालाच त्यात गैर वाटलं नव्हतं. मी लिहिलं, मी बरा आहे, काळजी करू नकोस. खाली त्याची सही केली. आई बरी झाली, आनंदाचं उत्तर आलं. आता खरं कोणत्या तोंडाने लिहायचं? शेवटी त्याच्याच नावाने कळवून टाकलं की ऑस्ट्रेलियाला कामाला जातोय, नवा पत्ता पाठवीन. मग मी खोली बदलली.

गेल्या हिवाळ्यात, हरवलेले नातेवाईक शोधणाऱ्या आयरिश कुटुंबांच्या एका वेबसाइटवर त्याचा फोटो दिसला. ऑस्ट्रेलियात याला कुणी ओळखतं का, असं खाली विचारलं होतं. दोन आठवडे मी उत्तर लिहीत होतो आणि पुसत होतो. मग पाठवलं, 'मी ओळखतो. इथे या.'

भाचीने चहाला हात लावला नाही. प्लास्टिकच्या पाकिटातून पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

"हे त्याचं शेवटचं. मी दोनदा जाऊन आले ऑस्ट्रेलियाला."

"हे मी लिहिलंय."

"हो, पत्रं तुम्हीच लिहायचात ना. आई सांगते, मित्राचं अक्षर छान होतं."

"हे लिहिलं तेव्हा तो नव्हता."

तिने मुलाकडे पाहिलं, जणू त्याने याचा अर्थ सांगावा. मग मी सगळं सांगितलं.

"कुठे पुरलंय त्याला?" तिने विचारलं.

"इथे थडग्याला मुदत असते. नातेवाईक पुढे आले नाहीत की जागा मोकळी करतात."

"कळलं असतं तर आले असते नातेवाईक."

तिने फोन काढला. "आजी वाट बघत गेली. आई शहाऐंशी वर्षांची आहे, अजून पोस्टमन दिसला की खिडकीशी जाते. तिला तुम्ही सांगायचं. मी नाही."

"बाबा, आत्ता नको," मुलगा मराठीत म्हणाला. "या वयात त्यांना काही झालं म्हणजे? त्या सांगतील घरी जाऊन, हळूहळू."

"अरे, तेव्हा मी हेच म्हटलं होतं."

भाचीने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. मी माझं नाव सांगितलं. तुमचा भाऊ ऑस्ट्रेलियाला कधी गेलाच नाही म्हणालो. तो केव्हा वारला, कशाने वारला आणि त्यानंतरची पत्रं कुणाची, हे सांगितलं.

मग तिने विचारलं, "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

'मी होतो' हे अगदी ओठांवर आलं. तिला बरं वाटलं असतं, आणि ते खोटं ठरवायला आता कुणी उरलेलं नव्हतं. भाची माझ्याकडे बघत होती.

"कुणी नव्हतं," मी म्हणालो. "मला थांब म्हणाला होता. मी कामावर गेलो."

पलीकडून तिने फोन ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही.