पहिलं विमान कुणाचं?

मॉन्ट्रियलला विमान-करारांच्या वाटाघाटी होतात, त्या ऑफिसात मी बैठकांची व्यवस्था बघते. म्हणजे खुर्च्या, चहा आणि मोठ्या माणसांचे रुसवे! ब्रॉसार्डला घरी पोचले की नवऱ्याचा पहिला प्रश्न, "आज कोण रुसलं?"

सगळ्यात जास्त किस्से दिले ते २०१७च्या विंटरमधल्या एका जोडीने. आशियातले दोन शेजारी, मधे एवढासा समुद्र. एकमेकांच्या दारात जायचं नाही, म्हणून बोलणी आमच्याकडे, मायनस पंचवीसमध्ये! विषय एकच, चाळीस मिनिटांचं थेट विमान. आमची दुभाषी मेई त्यावर डोळे लावून बसलेली. तिची आई एका किनाऱ्यावर, मावशी समोरच्या. जायचं तर तिसऱ्या देशातून, दीड दिवस. ऐंशीच्या आईला झेपणार कसं? पण दुभाष्याने स्वतःचं वाक्य बोलायचं नाही, हा नियम.

*

पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या नकाशाला दोघांचा आक्षेप. मी नकाशा काढला, पांढऱ्या अस्वलाचं पोस्टर लावलं. लंचनंतर चिठ्ठी आली, "अस्वल त्यांच्याकडेच का बघतंय?"

*

चहा आधी कुणाला? शेवटी मी आणि माझी बॉस जोझे, दोघी दोन किटल्या घेऊन समोरासमोर उभ्या राहायचो. जोझे फ्रेंचमध्ये मोजायची, "अं, द्यू, त्र्वा!" की एकदम ओतायचं. तिसऱ्या दिवशी जोझेचा हात जरा आधी सुटला. अर्धा तास मीटिंग बंद!

*

मग स्नोस्टॉर्म. टॅक्सी मिळेना. म्हटलं, चला, माझी मिनीव्हॅन आहे. पण पुढे कोण बसणार? कुणीच नाही! दोन्ही बाजूंचे प्रमुख मागे बसले, मधे माझ्या लेकीची कार सीट. सीटवर बिस्किटाचा हा चुरा! हॉटेल येईपर्यंत दोघांनी तो झटकला, आपापल्या बाजूचाच.

*

शेवटच्या दिवशी सगळं ठरलं, पण गाडं अडलं एका गोष्टीवर. पहिलं विमान कुणाचं? कोणी हटेना. गंमत म्हणजे दोघांची भाषा एकच! तरी प्रोटोकॉल म्हणून एकाने बोलायचं, मेईने इंग्रजी करायचं, मगच दुसऱ्याला 'समजायचं'.

फायली मिटायला लागल्या. तेवढ्यात मेई त्यांच्याच भाषेत काहीतरी बोलली. इंग्रजी केलंच नाही! नंतर तिने मला सांगितलं, ती म्हणाली होती, "कुणाचंही जाऊ दे हो, माझ्या आईला बहिणीला भेटायचंय."

जोझेने डोळेच मिटून घेतले. मला वाटलं, गेली हिची नोकरी.

मग एका प्रमुखांनी घसा खाकरला आणि ते बोलायला लागले. मेई इंग्रजी करत होती, "मधे कुणी काही बोलल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. पहिलं विमान त्यांचं असू दे. फक्त विचारा, त्यात एका म्हाताऱ्या बाईंना..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचे प्रमुख उठून उभेच राहिले. "विंडो सीट!"