कुंदाताईंचं तिसऱ्या अंकातलं मरण

शोभाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "कुंदाताई गेल्या वं," एवढंच ती म्हणाली. आदल्याच दिवशी मी धंतोलीच्या दवाखान्यात त्यांना भेटून आले होते. ऑपरेशन नीट झालं होतं, डॉक्टर समाधानी होते. कुंदाताई मात्र माझं मनगट सोडत नव्हत्या. "घरी नेशीन न मले? इथं लय भेव वाटते," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी हसून "हो" म्हटलं. भेव तर त्यांना सगळ्याचंच वाटायचं...

पालीचं, लिफ्टचं, दाराची बेल अवेळी वाजल्याचं. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, आमच्या कॉलनीतली ही बाई. शोभा शहराबाहेर वाडीला राहते. तिच्याकडे तालमीला जाताना अमरावती रोडवरचे ट्रक पाहून कुंदाताई रस्त्याच्या कडेला खिळून उभ्या राहत, डोळे गच्च मिटून माझ्याबरोबर पलीकडे येत. अशा बाईनं नाटकात काम करावं हेच नवल होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही बायकाच दोन घराण्यांच्या वैराची एक जुनी शोकांतिका बसवत होतो, पुरुषांच्या भूमिकाही आम्हीच करत होतो. मी नायक, शोभा त्याचा शत्रू. नायकाच्या थट्टेखोर मित्राचं काम कुंदाताईंनी मागून घेतलं. "हा लवकर मरते. मंग विंगेत शांत बसता येईन," हे त्यांचं कारण. दिग्दर्शिका हसली, पण म्हणाली, "ताई, तो मरेपर्यंत लोक हसतात. तो मेल्यावर या नाटकात कुणीच हसत नाही. सगळं तुमच्या मरणावरून फिरतं."

ते मरण असं होतं. मित्र आणि शत्रू तलवारीनं लढतात, नायक हात पसरून मधे पडतो, आणि त्याच्याच काखेखालून शत्रूची तलवार मित्राला लागते. माझी पाठ कुंदाताईंकडे असायची. शोभानं वार करायचा, आणि माझ्या काखेखालून येणारं पातं कुंदाताईंनी मागून धरून बाजूला, आपल्या कुशीकडे ओढून घ्यायचं. त्यांनी ते ओढलं नाही तर ते माझ्या बरगडीत यायचं. पातं पोलादी होतं. धार नव्हती, टोकावर रबराची टोपी होती. तरी प्रत्येक तालमीआधी कुंदाताई ती टोपी बोटांनी दाबून पाहत.

प्रयोगाच्या दिवशी लढाई रंगात आली होती. प्रेक्षक कुंदाताईंच्या थट्टेला हसत होते. मी हात पसरून मधे शिरले आणि माझ्या पावलाशी काहीतरी काळं घरंगळत आलं. रबराची टोपी... मी वर पाहिलं. शोभाला चष्म्याशिवाय धड दिसत नाही, डोळ्यांवर दिव्यांचा झोत. तिला काहीच कळलं नव्हतं. ती ठरल्याप्रमाणे जोरात येत होती. मला ओरडायलाही वेळ नव्हता. मागे कुंदाताईंचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. त्यांनीही पाहिलं होतं. विंग त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होती.

पुढच्याच क्षणी माझ्या काखेखालून त्यांचा हात आला, त्यानं पातं मुठीत पकडलं आणि खसकन ओढलं. मी वळले तेव्हा त्या खाली पडल्या होत्या. ठरलेली वाक्यं त्या बोलल्या, अगदी शेवटची थट्टासुद्धा. लोक हसले आणि मग एकदम शांत झाले. माझ्या बाहीला कोमट रक्त लागत होतं. मरताना त्यांचे डोळे मिटले ते इतके खरे, की मी त्यांच्या छातीवर डोकं टेकून श्वास शोधू लागले. लोकांना तो अभिनय वाटला. दोघींनी त्यांना उचलून आत नेलं, आणि मला उठून शोभाशी लढावं लागलं. कुंदाताई जिवंत आहेत की नाहीत हे माहीत नसताना मी लढत होते. शोभा नंतर म्हणाली, "तुया डोळ्याकडे पाहून मले वाटलं, तू खरंच मारतं मले."

विंगेत त्या खुर्चीवर बसल्या होत्या. उघड्या टोकानं तळवा फाटला होता, त्यावर कुणीतरी ओढणी गुंडाळली होती. मी विचारलं, "ताई, मागं काहून नाही सरल्या तुम्ही?"

"सरूनच राहिली होती," त्या म्हणाल्या. "पाय उचलला होता मी... मंग तुही पाठ दिसली."

त्यानंतर त्यांची भीती काही कमी झाली नाही. रस्ता तसाच डोळे मिटून ओलांडायच्या. धाडसाचं कुणी कौतुक केलं की चिडायच्या. ते पातं अजून स्वप्नात येतं म्हणायच्या. आता मला वाटतं, दवाखान्यातल्या त्या "भेव वाटते"ला मी हसायला नको होतं.

परवा त्यांच्या घरी गेले. त्यांचे यजमान प्रभाकरराव माझ्याबरोबरच बाहेर निघाले, बँकेत जायचं होतं. कुलूप लावून फाटकापर्यंत आले आणि थांबले. "आम्ही निघालो की ती इथून म्हणे, गॅस पाहून या बरं एकदा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं वैतागलो मी." मग हातातली पिशवी माझ्याकडे दिली, परत गेले, कुलूप उघडलं आणि स्वयंपाकघरात शिरले. मी फाटकाशी थांबले... आतून गॅसचं बटण दाबून पाहिल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्यांचा, "पाह्यला गं."