आत्याच्या वाटणीचे चौकोन

नागावात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. तिथला कॉम्प्युटर इतका तापायचा, की त्यावर ओले बोंबील पसरले तर दुपारपर्यंत सुके होऊन मिळत. खोटं वाटत असेल तर तो ज्या भंगारवाल्यानं नेला त्याला विचारा, त्याच्या टेम्पोला अजून वास मारतो.

त्या वर्षी एका हळदीत गावातल्या कोंबड्यांसकट सगळे नाचले. फाइल झाली साठ जीबी. डीव्हीडीत मावतात साडेचार. नारळाची अख्खी वाडी करवंटीत बसवायची, आणि घरच्यांना चकती हवी एकच.

मग फाइल दाबायची. कुठल्या मिनिटाला किती जागा द्यायची, ते माझ्या हातात. भरपूर दिली तर माणूस स्वच्छ, हात आखडला की त्याच्या तोंडाचे चौकोन. मामाच्या साखळीची कडी न् कडी दिसली पाहिजे. वाढपी चौकोनांत गेले तरी कुणी रडत नाही.

नवरदेवाची आई, म्हणजे आमच्या काकी, दुकानात आल्या.

"माझी नणंद नको त्याच्यात. टाकलेल्या बाईनं पहिली हळद लावली, ते काय जन्मभर बघत बसू?"

ही नणंद म्हणजे गावाची आत्या. नवऱ्यानं सोडली, भावाकडे परत आली. काकींना पाठोपाठ दुसरा झाला तेव्हा थोरला त्यांनीच तिच्या मांडीवर टाकला. तो तिनं वाढवला, तोच हा नवरदेव.

"काकी, काढली तर नवरदेव विचारील."

"मग तू कशाला हायस?"

मी काढली नाही. मी हुशार. आत्याच्या चार मिनिटांना उपाशी ठेवलं, उरलेली जागा काकींच्या बांगड्यांना दिली. मूळ फाइल पुसून टाकली. पुढचं लग्न दारात उभं होतं.

आठ दिवसांनी आत्या आली. "पोरा, समदी दिसतात, मीच दिसत न्हाय. माझी बारी आली की डोळ्यांपुढं नुसतं पिवळं होतं."

"मोतीबिंदू, आत्या. दाखवून घे," मी म्हणालो. अशा थाटात, की डोळे तपासायची बॅटरी तेवढी हातात नव्हती.

तिनं अलिबागला जाऊन खरंच दाखवलं. त्या वयात मोतीबिंदू शोधला की सापडतोच. दोन्ही डोळे कापून घेतले आणि काळा चष्मा लावून माझ्या स्टुलावर येऊन बसली.

"आता लाव."

लावली. भावजयीच्या बांगड्या झगझगल्या. मग आत्याची बारी. एक पिवळा चौकोन दुसऱ्या पिवळ्या चौकोनाला लागला, संपलं.

तिनं चष्मा काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंतची बारीक अक्षरं मला धडाधड वाचून दाखवली.

"डोळे बरे हायत ना माझे?"

"हायत."

"मग त्या दिवशी मी व्हते ना रे तिथं?"

"चकती खराब निघाली, आत्या. दुसरी देतो." आणि त्याच चकतीवरून दुसरी उतरवून, नव्या पाकिटात घालून तिच्या हातात ठेवली.

तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. दारात थांबून म्हणाली, "माझंच चुकलं असंल. अंधारात उभी राह्यले असंन. धाकट्याच्या हळदीत लायटीखाली उभी राहीन, मग येईन ना?"

"का नाही येणार?" मी म्हणालो.

धाकट्याच्या हळदीचं काम काकींनी दोनच दिवसांपूर्वी मला देऊन ठेवलं होतं, त्याच अटीवर.