ट्रेनिंगचे हातमोजे

फोन आला तेव्हा मी आमगावच्या आमच्या, म्हणजे सासरच्या, दुकानात होते. धान कापणीचे दिवस. कृषी केंद्रात ताडपत्रीला मागणी होती आणि समोरचं गिऱ्हाईक ताडपत्री उन्हात धरून भोकं शोधत होतं. पलीकडून निशान बोलत होता. निशान म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, खेमराजचा, कोलकात्यातला जिवलग मित्र. एकेकाळी त्यांच्या क्लबचा पहिल्या नंबरचा गोलकीपर. एरवी बोलायच्या आधी मोठ्यानं हसणारा माणूस, त्या दिवशी नुसतं "दीदी..." म्हणाला. मग म्हणाला, "खेमू सुबह मैदान पे था. बच्चों की ट्रेनिंग पूरी कराई, पेड़ के नीचे बैठा, और... उठा नहीं." डॉक्टरांनी नंतर हृदयाचं कारण सांगितलं. माझ्या भावानं चाळिशीही गाठली नव्हती. मला त्या क्षणी जे सुचलं ते सांगायला संकोच वाटत नाही. मी विचारलं, "ट्रेनिंग पूरी हुई थी ना?" निशान रडतच म्हणाला, "पूरी करके ही बैठा, दीदी." मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, भाऊ, आज दुकान बंद.

तुम्ही खेमराजला टीव्हीवर पाहिलेलं नाही. आम्हीही नाही पाहिलं. मोठ्या फुटबॉल संघात गोलकीपर तीन असतात. एक खेळतो, दुसरा राखीव म्हणून बाकावर बसतो, आणि तिसरा बहुतेक वेळा क्लबचं जॅकेट घालून वर प्रेक्षकांत बसतो. माझा भाऊ जवळजवळ सगळी कारकीर्द हा तिसरा गोलकीपर होता. दरेकशाजवळच्या आमच्या गावात हे समजावून सांगणं म्हणजे डोक्याला ताप. पोरगा शिकायला गोंदियाला गेला, रेल्वेच्या मैदानावर रमला, उंच म्हणून गोलात उभा राहिला, पुढे नागपूरला खेळला आणि एके दिवशी हावड्याच्या गाडीत बसून कोलकात्याच्या क्लबात पगारी खेळाडू झाला, इथवर सगळ्यांना कळलं. शाल-श्रीफळ झालं, शाळेत सत्कार झाला. मग सीझन सुरू झाला आणि अख्खं गाव टीव्हीसमोर बसलं. मॅच संपली, खेमू काही दिसला नाही. पुढची मॅच झाली, तीत नाही. हळूहळू लोक आमच्या घरून उठून आपापल्या घरी मॅच बघायला लागले, मग बघायचेच बंद झाले.

बाबूजींची थोडी धानाची शेती आणि सालेकशाला धानाचा छोटा व्यापार. दुकानावर दिवसभर माणसं. "का जी, तुमचा खेमू पाणी पाजते का त्या खेयनाऱ्याईले?" असं कुणी हसत विचारायचं आणि बाबूजी धानाची मूठ नाकाशी नेऊन वास घेत बसायचे. घरी आले की मात्र धुसफुस. "पगार भेटते, मानतो. पन खेयते कधी?" अशी तीन-चार वर्षं गेली आणि एका थंडीत बाबूजींनी ठरवलं, जायचं आणि पोराला घेऊनच यायचं. सालेकशाचं दुकान सांभाळायला घरचा माणूस हवाच होता. बाबूजी नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते, म्हणून मी सोबत निघाले. मायनं पोह्याच्या पापडांचा डबा दिला आणि माझ्या कानात म्हणाली, "भांडू देऊ नको त्याईले."

आम्ही पोचलो ती मॅचच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. आदल्या दिवशी संघ जिंकला होता. खेमू स्टेशनवर घ्यायला आला, दोघांच्या पाया पडला, आणि सामान त्याच्या खोलीवर टाकून लगेच म्हणाला, "चला, ट्रेनिंगले उशीर होते." मैदानावर बाबूजींना जे दिसलं त्यानं ते पहिल्या दिवशीच बिथरले. काल मॅच खेळलेले खेळाडू रमतगमत दोन चकरा मारून गेले. कुणी मालिश करून घेत होतं, कुणी बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसून दात वाजवत होतं. आणि काल जे खेळलेच नाहीत त्यांच्याकडून मात्र धावणं, उड्या, पुन्हा धावणं... घामानं त्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. "हे काय गा? जे खेयले थे आराम करून राहिले, अना तू न खेयता मरून राहिला?" खेमू हसला. म्हणाला, "त्याईचा घाम काल निघला बाबूजी, आमचा आज. सारखाच निघाला पायजे." बाबूजींना हे पटलं नाही. मला मात्र पटलं. आमच्या खेमूचं हे बोलणं लहानपणापासूनच असं, वाद घालायला जागाच ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि त्यानंतर खरे ट्रेनिंगचे दिवस सुरू झाले. बाबूजी रोज यायचे. घरी परत न्यायचा विषय अजून त्यांनी काढला नव्हता, पण तो त्यांच्या खिशात होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी सगळ्यांचा एकत्र नाश्ता व्हायचा, वजन व्हायचं, मग व्हिडिओ दाखवून पुढच्या संघाची उकल व्हायची. बाकीचे बूट बांधत असतानाच तिघे गोलकीपर आणि त्यांचे वेगळे कोच मैदानावर पोचलेले असायचे. तासभर नुसतं पडणं आणि उठणं. उजवीकडे झेप, उठ. डावीकडे झेप, उठ. निशान गोलात असला की खेमू त्याला चेंडू मारायचा, वरून टाकायचा, जवळून भिरकवायचा, आणि त्याची नजर सतत निशानच्या पायांवर. "आज बायां घुटना सोया हुआ है, जगा उसको," असं काहीतरी म्हणायचा. पहिल्या गोलकीपरला तिसऱ्यानं असं सांगावं याचं तिथं कुणालाच काही वाटत नव्हतं. निशान मान हलवायचा आणि गुडघा जागा करायचा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं ते तेव्हा.

सरावात शेवटी संघाचे दोन भाग पाडायचे. मॅच खेळणारे एका बाजूला. बाकीच्यांनी पिवळ्या बंड्या चढवायच्या आणि येणाऱ्या मॅचमधला समोरचा संघ व्हायचं. नुसतं विरोधात खेळायचं असं नाही, त्यांच्यासारखं खेळायचं. त्यांचा डावीकडचा गडी आत घुसतो तर यांच्यातल्या कुणीतरी तसंच घुसायचं. मला तर ही मोठी मजेशीर नोकरी वाटली. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात एकाच माणसाला दर हंगामाला नवं सोंग मिळतं, इथं दर आठवड्याला.

त्या आठवड्यात खेमूकडे एक खास सोंग होतं. समोरच्या संघात एक परदेशी फॉरवर्ड होता. पेनल्टी मारताना तो धावत यायचा आणि शेवटच्या पावलाला क्षणभर थबकायचा. तेवढ्यात गोलकीपर एका बाजूला झेपावला की हा शांतपणे दुसऱ्या कोपऱ्यात चेंडू घालायचा. खेमू रात्री जेवताना मोबाइलवर त्या माणसाचे व्हिडिओ बघायचा. ताट बाजूला सारून उठायचा आणि खोलीबाहेरच्या गॅलरीत तसं धावत जाऊन थबकायचा. पुन्हा मागे, पुन्हा धाव. बाबूजी दारातून बघत होते.

"कायले लंगडून राहिला गा?"

"लंगडत नाही बाबूजी. थो गडी होऊन राहिलो."

"तू गोलकीपर नाही का? पेनल्टी थांबवाची का माराची?"

"निशानले थांबवाची आहे. तर मले माराची आहे."

मग मी पाहिलं, बाबूजी गॅलरीत खुर्ची घेऊन बसले आणि खेमू थबकला की स्वतःच्याही पायाचा अंगठा आवळून बघत होते.

मॅचच्या आदल्या दिवशी सराव हलका असतो. सगळे लवकर आटोपून निघून गेले. मैदानावर निशान, खेमू, त्यांचे कोच आणि बाहेर कट्ट्यावर आम्ही दोघं. खेमू त्या परदेशी माणसासारखा धावत आला, थबकला, आणि निशान फसला. पुन्हा फसला. चिडून त्यानं चेंडूला लाथ मारली. खेमू जाऊन चेंडू घेऊन आला, ठेवला, आणि पुन्हा तस्साच आला. किती वेळ हे चाललं ते मी मोजलं नाही. पण एक वेळ अशी आली की खेमू थबकला आणि निशान हललाच नाही. वाट बघत उभा राहिला, आणि चेंडू निघाल्यावर झेपावून त्यानं तो बाहेर ढकलला. खेमूनं दोन्ही हात वर केले. पेनल्टी हुकल्यावर मारणाऱ्यानं आनंदानं नाचावं हे मी आयुष्यात त्या एकाच ठिकाणी पाहिलं. बाबूजी म्हणाले, "गोल तर झाला नाही..." मग त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅच झाली. खेमू जॅकेट घालून आमच्या शेजारी, वर बसला होता. पेनल्टी मिळेलच असं काही नव्हतं, पण मिळाली, समोरच्या संघाला, शेवटाकडे, आपला संघ एका गोलनं पुढे असताना. तोच माणूस आला. खेमूनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तो धावला, थबकला... निशान उभा. सगळं स्टेडियम श्वास रोखून, आणि निशान नुसता उभा. मग चेंडू निघाला आणि निशानही. पुढचं मला दिसलं नाही, कारण सगळे उभे राहिले होते. गर्दी खाली बसली तेव्हा निशान गोलात उभा होता, आणि हातमोजा वर करून आमच्या दिशेला, वर, बोट दाखवत होता. टीव्हीवाल्यांना वाटलं असेल तो देवाकडे बोट दाखवतोय.

मॅचनंतर तो बाबूजींच्या पाया पडायला आला. म्हणाला, "बाबूजी, आज वाली पेनल्टी तो मैंने कल ही पकड़ ली थी, आपके बेटे से." बाबूजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता.

परतीच्या वेळी हावडा स्टेशनवर खेमूनं स्वतःच विषय काढला. तो काही दुधखुळा नव्हता, बाबूजी कशासाठी आले होते हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खिडकीच्या गजाला धरून हळूच म्हणाला, "बाबूजी... तुमी म्हनान तर येतो मी घरी." गाडी हलायच्या बेतात होती. बाबूजींनी पाण्याची बाटली नीट ठेवली, मफलर सारखा केला आणि म्हणाले, "उद्या ट्रेनिंग नाही का?" खेमू म्हणाला, आहे. "मंग?" एवढंच. गाडी सुटली आणि मी वाकून सीटखालचं सामान नीट करायला लागले, कारण दोघांनाही माझे डोळे दाखवायचे नव्हते.

सालेकशाला दुकान उघडल्या उघडल्या माणसं जमली. आणला नाही का पोराले, इथून सुरुवात. मग नेहमीचा प्रश्न, "खेयला का मंग तुमचा खेमू?" बाबूजी धान बघत होते. मान वर करून म्हणाले, "खेयला ना. बंदा हप्ता खेयला." बंदा म्हणजे पूर्ण, सगळा. ते ज्या आवाजात बोलले त्यानंतर त्या दुकानावर हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

पुढे खेमू आणखी बरीच वर्षं खेळला, तसाच, आठवडाभर. पहिला गोलकीपर बदलला, कोच बदलले, तिसरा तोच राहिला. खेळणं थांबल्यावर क्लबनं त्याला लहान गोलकीपरांचा कोच केलं. दिवाळीला गावी यायचा तेव्हाही पहाटे गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारून झेलत बसायचा. शेजारचे कुरकुरायचे, तर माय म्हणायची, "त्याची ड्युटी हाये थे." मायनं त्याला मैदानावर कधी पाहिलं नाही. तिला ठाऊक होते त्याचे हातमोजे. गोलकीपर हातमोजे काढून धूत नाही. ते घालूनच, हात धुतल्यासारखे, एकमेकांवर चोळून धुतो. मग सावलीत वाळवायचे, आणि तेही पुरते कोरडे होऊ द्यायचे नाहीत. हे त्यानं मायला एकदा दाखवलं, आणि तो घरी असला की हे काम तिचं झालं.

तेरवीच्या आधी क्लबनं त्याची बॅग पाठवली. आत हातमोज्यांचे दोन जोड निघाले. एक मॅचचा, कोरा, चकचकीत, हिरव्या पट्ट्यांचा. दुसरा ट्रेनिंगचा, तळवे झिजलेले, अंगठ्याला टेप, बोटांत मैदानाची माती. पाहुण्यांपैकी कुणीतरी चांगल्या मनानं कोरा जोड फोटोपुढे मांडला. शोभून दिसत होता. बाबूजी आले, बघत उभे राहिले आणि त्यांनी वाकून तो जोड उचलला. "हा नाही. हा त्यानं कधी घातला नाही. थो आन... कामाचा." मी फाटका जोड आणून ठेवला. बाबूजी फोटोपुढे ताठ बसले, सत्काराच्या दिवशी बसले होते तसे.

गेल्या आठवड्यात मी माहेरी गेले होते. अंगणात धानाचे पुंजणे रचलेले. माय मोरीवर पाठमोरी बसली होती. जवळ गेले तर तिनं ते हातमोजे हातात घातले होते. तिच्या बोटांना ते फारच मोठे, अर्धे रिकामे लटकत होते. कोमट पाण्यात ती एका तळव्यावर दुसरा तळवा चोळत होती, त्यानं दाखवलं होतं तसं.

"माय, आता कायले धुतेस?"

तिनं मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, "वाळले का पकड जाते त्याईची, बाई."