उभ्यानं मांडा

आमच्या धुळ्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे होतात. चुलीवर मातीचं खापर उलटं घालायचं आणि पुरणपोळी दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत लोंबेल इतकी मोठी करून त्यावर टाकायची. माहेरी आलेल्या आम्हा लेकींसाठी आई खापरापुढे उकिडवी बसली की तिला तिथून उठवायची कुणाची टाप नव्हती. नव्वद सालाच्या आसपास तिचा खुबा झिजला आणि ते बसणंच गेलं. उजवा खांदाही कुरकुरायचा, पण त्याबद्दल चकार शब्द काढेल तर शप्पथ. भारी हट्टी बाई!

जळगावच्या डॉक्टरांनी टेबलावर हाडं मांडून समजावलं. हाड मोडलं असतं तर नुसता मांडीच्या हाडाचा गोळा बदलून भागलं असतं, पण हिची तो गोळा बसायची वाटीही झिजलेली. म्हणजे गोळा धातूचा आणि वाटी प्लास्टिकची, दोन्ही नवं. मी खांद्याचंही विचारलं. तोही सांधा बदलतात म्हणाले, पण मुंबईला. दुखणं थांबेल, हात पहिल्यासारखा वर जाईलच असं नाही. तूर्त व्यायाम बरा. मग सहज सांगितलं की खुब्याच्या ऑपरेशननंतर उकिडवं बसायचं नाही, नाहीतर सांधा निसटेल.

आई उठलीच. "मंग माले पाय कसाले पाहिजे?"

आम्ही एस.टी.नं परत निघालो. पारोळ्यापुढे उन्हात रिकामी काळी शेतं तरंगत होती, आणि ती डोळे मिटून मांडीवरचे हात हळूहळू झुलवत होती. मला रडूच आलं.

जन्मात चुलीकडे न फिरकलेले माझे वडील, आबा, दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात माती कालवत बसले. कमरेएवढा ओटा, त्यावर चूल. आईनं ओट्याभोवती लंगडत एक चक्कर मारली आणि म्हणाली, डॉक्टरांना कळवा.

ऑपरेशन झालं, पाय चालला. मग ती रोज भिंतीवर बोटं चढवून खांद्याचा व्यायाम करायची. पीठ लागलेल्या बोटांचे ठसे कोनाड्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

पुढच्या आखाजीला कडुनिंबाचा झोका करकरत होता, धुराला पुरणाचा वास होता, दुपार पेंगुळलेली. आई ओट्यापाशी उभी राहिली. तिनं मांडा झुलवला. उजवा हात मध्येच अडला आणि मांडा खापरावर फाटला. दुसराही फाटला. तिनं मांड्याचा पुढचा गोळा माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. आबांनी खुर्ची आणली.

खुर्चीतून ती सांगत गेली, मी करत गेले. नैवेद्याचा झाला, त्यानंतरचा वेडावाकडा मांडा आबांनी तिच्याच ताटात वाढला. करणारीनं सगळ्यांच्या शेवटी, गारढोण खायचं, ही आमच्याकडची रीत. तिनं घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गरम मांडा असा लागस का वं?"